तेरवीनंतरची सेवा

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या गुरुवारचं चिंतन थोडं लांब आहे. संध्याकाळच्या आरतीनंतर घरात कोणीतरी मोठ्यानं वाचावं, आजी-आजोबांनाही ऐकू द्यावं. यात आमची एक चूक आहे. ती कबूल केल्याशिवाय पुढची सेवा आमच्या हातून नीट होणार नाही असं वाटलं, म्हणून लिहितो आहोत. ज्यांच्याबद्दल लिहितो आहोत त्यांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र मुद्दामच दिलेलं नाही.

*झालं असं...*

आपल्या सत्संगातल्या एक काकू. ज्येष्ठात त्यांचे यजमान गेले. शेतातून आले, ओसरीवर बसले, पाणी मागितलं. काकू पाण्याचा गडवा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळीस वर्षांचा संसार एका गडव्याएवढ्या वेळात आटोपला.

आम्ही पहिल्या दिवसापासून त्या घरी होतो. दहा दिवस रोज संध्याकाळी नामस्मरण केलं, तेरवीला भजन केलं, पंगतीत वाढलं. सेवेत काही कमी पडू दिलं नाही, असंच आम्हाला वाटत होतं. पहिले दोन दिवस काकू फार रडल्या. तेव्हा आम्हीच त्यांना जवळ घेऊन म्हटलं, "काकू, रडू नका. रडल्यानं गेलेल्या जिवाची वाट अडते. तुम्ही तर गुरूंच्या, तुम्हाला शोक शोभत नाही." तिसऱ्या दिवशी काकूंनी डोळे पुसले ते पुसलेच. तेरवीला स्वतः उभं राहून पाहुण्यांना आग्रह करत होत्या. घरी परतताना आम्ही एकमेकींना म्हणालो, बघा, याला म्हणतात श्रद्धा.

पाहुणे गेले. मुलगा-सून पुण्याला परत गेले, मुलगी सासरी गेली. आम्हीही आपापल्या घरच्या कामाला लागलो.

आषाढ गेला, श्रावण लागला. काकू गुरुवारी यायच्या, मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. दिवसेंदिवस कमी झालेल्या दिसत होत्या. ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागलं होतं. विचारलं तर म्हणायच्या, "काई नाई बाई, उपास हाय." गुरुवारचा उपवास आधीपासून होता. त्यात सोमवार धरला, चतुर्थी धरली, एकादशी धरली, आणि उरलेल्या दिवशी एकवेळ. बीपीची गोळी रोज सकाळी यजमान हातावर ठेवायचे. ते गेले, त्यांच्याबरोबर गोळीही गेली. ती बंद झाली आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. पाठ दुखायची, रात्री दोनला जाग यायची ती यायचीच, दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं.

मग पोळा आला. मुलगा-सून गावी आले होते. सालदारानं बैल सजवून दारात आणले, सून पूजेचं ताट घेऊन पुढं झाली. काकू दाराच्या आत उभ्या होत्या. दरवर्षी बैलांच्या पुढं यजमान असायचे. बैलानं मान वळवली. तो मालकालाच शोधतो आहे, असं काकूंना वाटलं. छातीत एकदम कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला, त्या उंबऱ्यावरच बसल्या. घरात म्हणाले, उपाशी पोटी पित्त झालं असेल. लिंबूपाणी दिलं, पंखा लावला. अर्धा-पाऊण तास त्यातच गेला. मग गावातला दवाखाना आणि तिथून रातोरात नागपूर.

तिथं कागदावर हृदयविकाराचा झटका दिसत होता. पण तपासणीत हृदयाच्या नळ्या मोकळ्या निघाल्या. हृदयाचा खालचा भाग मात्र फुगून ढिला पडला होता, आकुंचनच पावत नव्हता. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, "घरातलं जवळचं कोणी एवढ्यात गेलं का?"

काकू वाचल्या, ही गुरुकृपा. पंधरा दिवसांनी आम्ही भेटायला गेलो. प्रसाद दिला, गुरूंची कृपा म्हटलं. काकूंनी आमच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी साऱ्या आल्या, भजन म्हनलं, चहा घेतला, गेल्या. पन एकीनं बी नाई इचारलं, जेवली का वं माय? आन तुमी म्हनलं रडू नोको. महाराजापुढं रडता येत नाई, लेकरापुढं रडता येत नाई, मंग मी रडू कुठं?"

आमच्यातल्या कोणाकडेच याचं उत्तर नव्हतं.

*दुःख अंगात उतरतं*

काकूंना जे झालं त्याची माहिती आम्ही नंतर विचारून, वाचून घेतली. आपल्या परिवारातल्या प्रत्येक घराला ती असायला हवी, म्हणून सोप्या भाषेत देतो आहोत.

जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास या आजाराचं वर्णन केलं. त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. तिकडचे कोळी ऑक्टोपस पकडायला एक मडकं वापरतात, तळाला फुगीर आणि गळ्याशी अरुंद. या आजारात हृदयाचा आकार तसाच दिसतो, म्हणून हे नाव. मोठा धक्का बसला की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं एकदम उसळतात आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो. पाळी गेलेल्या वयाच्या बायकांमध्ये हा जास्त आढळतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण लक्षणं अगदी झटक्यासारखीच असतात, त्यामुळे घरात बसून हे पित्त की झटका की धक्का, याचा निवाडा कोणीही करू नये.

बरं, हे केवळ बायकांचं नाही. १९६९ साली इंग्लंडमधल्या एका वैद्यकीय पत्रिकेत ४,४८६ विधुर पुरुषांचा अभ्यास छापून आला. सगळे ५५ वर्षांच्या वरचे. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यातले २१३ जण गेले. त्या वयात जेवढे मृत्यू अपेक्षित असतात त्यापेक्षा हे प्रमाण ४० टक्के जास्त होतं, आणि मोठा वाटा हृदयाच्या आजारांचा होता. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता नेहमीच्या २१ पट होते, आणि पुढं दिवसागणिक उतरत जाते. आपल्या आजीला हे आकड्यांशिवायच माहीत होतं. "म्हातारा गेला, म्हातारीनं वर्ष काढलं नाही," असं आपण किती घरांबद्दल ऐकलं आहे!

बाकीचं रोज डोळ्यांसमोर घडतं. दुःखात झोप मोडते. झोप मोडली की बीपी चढतं, शुगर वर-खाली होते. भूक मरते, तोंडाला चव राहत नाही, अंगातली ताकद जाते. आजाराशी लढण्याची शक्ती कमी होते म्हणून सर्दी-खोकलाही लवकर धरतो. पाठ, खांदे, मान ठणकतात. आणि सर्वांत मोठं म्हणजे माणूस स्वतःकडे बघणंच सोडून देतो. ज्याच्यासाठी जेवायचं, ज्याच्या आठवणीनं गोळी घ्यायची, तोच नाही तर कशाला, असं वाटतं.

*ग्रंथ काय दाखवतात?*

कोणी म्हणेल, हे सगळं आजकालच्या डॉक्टरांचं. तर मग आपल्या ग्रंथांकडे बघू या.

वाल्मीकींच्या रामायणात राम वनात गेल्यावर सहाव्या रात्री दशरथ राजा प्राण सोडतो. त्याला कोणी विष दिलं नव्हतं, कोणी बाण मारला नव्हता. शेवटी तो कौसल्येला सांगतो की मला तू दिसत नाहीस, हातानं स्पर्श कर. म्हणजे शोकानं आधी डोळ्यांची शक्ती गेली, मग प्राण गेला. अयोध्येच्या राजाची ही गत, तर आपली काय कथा?

गीतेचा पहिला अध्याय आपण पाठ करतो. त्याचं नावच अर्जुनविषादयोग. आपलीच माणसं मरणार हे डोळ्यांपुढं आल्यावर अर्जुन काय सांगतो? अवयव गळून गेले, तोंडाला कोरड पडली, अंग कापतं आहे, अंगावर काटा आला, कातडीची आग होते आहे, हातातून गांडीव निसटतं आहे, उभं राहवत नाही. ही सगळी शरीराची लक्षणं आहेत. जगातला सर्वांत मोठा योद्धा भगवंतासमोर आपल्या देहाची तक्रार सांगतो, आणि भगवंत त्या अख्ख्या अध्यायात जवळजवळ काहीच बोलत नाहीत. ऐकून घेतात. ज्ञान सांगायला सुरुवात होते ती दुसऱ्या अध्यायात. आम्ही काकूंकडे गेलो ते थेट दुसरा अध्याय घेऊनच. पहिला अध्याय ऐकायला आम्ही थांबलोच नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या घराजवळची. सौंसरजवळ जामसावळीला हनुमंत आडवे निजलेले आहेत. मंगळवारी-शनिवारी केवढी गर्दी असते! दुखण्याखुपण्याची, मनानं खचलेली माणसं किती आशेनं तिथं येतात. त्या हनुमंताचं रामायणातलं एक काम आठवा. लक्ष्मणाला शक्ती लागली, प्रभू रामचंद्र भावाचं डोकं मांडीवर घेऊन रडत होते. त्या वेळी हनुमंतानं "प्रभो, तुम्ही तर परब्रह्म, तुम्हाला शोक शोभत नाही" असं प्रवचन केलं नाही. तो उठला आणि औषध आणायला गेला. वैद्याचं ऐकलं आणि वनस्पती ओळखता येईना तर पर्वत उचलून आणला. जामसावळीला नमस्कार करताना हेही आठवावं. हनुमंताचा भक्त औषधाला कमी लेखणार नाही.

*महेश्वरची माउली*

आता आपल्याच मध्यप्रदेशातली, आपल्याच मराठी माउलीची कथा. २०२५ साली सगळीकडे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची तीनशेवी जयंती साजरी झाली. घाट, मंदिरं, न्याय यांवर भाषणं झाली. पण त्यांनी किती मरणं बघितली याबद्दल फार थोडं बोललं जातं.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ साली वडिलांच्या जागी असलेले सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. त्यानंतर मुलीचा मुलगा, लाडका नातू गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. त्या काळाची ती भयंकर चाल. आईनं पायाशी बसून विनवणी केली, पण मुलगी ऐकली नाही.

जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मध्य भारतावरचं आपलं पुस्तक १८२३ साली छापलं. त्यात त्यानं या प्रसंगाची हकीगत लिहून ठेवली आहे. चितेपाशी अहिल्याबाईंना दोन ब्राह्मणांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. त्यांनी सुटण्यासाठी आकांत केला, धरलेले हात स्वतःच्या दातांनी चावले. मग नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या. तीन दिवस जवळजवळ अन्नपाणी नाही, तोंडातून एक शब्द नाही. चौथ्या दिवसाचं सावरणं कसं होतं? गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक सुंदर स्मारक बांधायला घेतलं, त्यात त्यांना थोडा दिलासा मिळाला, असं तो लिहितो.

भगिनींनो, ज्या माउलीला आपण देवी म्हणतो तिनंही आकांत केला. तीन दिवस ती गप्प बसली. तिच्या भक्तीत यानं काही कमी झालं का? काशी, सोमनाथ, गया येथली तिची कामं यानं पुसली गेली का?

त्याच पुस्तकात आणखी एक वाक्य आहे, ते वाचून आम्ही दचकलो. काळजी आणि कष्टांनी त्या झिजल्या होत्या, आणि कडक उपवासांमुळे अंत लवकर आला असं काहींचं म्हणणं होतं, असं माल्कम नोंदवतो. १३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या. मुक्ताबाईनंतर चारच वर्षांनी. शोकाचं माणूस उपवासात कसं शिरतं, हे आम्ही आत्ता आत्ता काकूंच्या रूपानं बघितलं होतं. उपवास देवाचा असतो, पण दुःखी माणसाच्या उपवासात कधी कधी जगण्याचा कंटाळाही लपलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं तर जवळ बसावं लागतं.

*तेरा दिवसांची शहाणी रीत*

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं, म्हणून तर त्यांनी रीत घालून दिली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी डबा आणतात. भाकर, वरण, साधंच अन्न, पण कोणीतरी समोर बसून दोन घास खायला लावतं. रात्री बायका त्या घरी झोपायला जातात. कोणी ना कोणी येऊन बसतं, गेलेल्याच्या गोष्टी काढतं, रडतं, रडवतं. यातली एकेक गोष्ट देहाला सावरणारी आहे: अन्न, सोबत, झोप, अश्रू.

अश्रूंनी जिवाला त्रास होतो असं सांगितलं जातं, ते आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामागचा हेतू, माणसानं शोकात बुडून जाऊ नये, हा आहे. पण तिसऱ्या दिवशी कोणाच्या डोळ्यांना कुलूप लावा, असा त्याचा अर्थ आम्ही काढला, तो चुकला. सीतेसाठी राम रडले. ज्ञानोबांच्या समाधीच्या वेळी आळंदीत संतमंडळी रडली. त्यांच्यापेक्षा आपण मोठे ज्ञानी आहोत का?

रीतीत एकच उणीव राहते. ती तेराव्या दिवशी संपते. आणि दुःख अंगात उतरायला खरी सुरुवात तिथूनच होते. तेरा दिवस माणूस गर्दीत असतं, बधिर असतं. चौदाव्या दिवशी घरात दोन पोळ्या कमी करायच्या असतात.

काही रीती तर उलट घाव घालणाऱ्या. धक्क्यानं आधीच अर्धमेल्या झालेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, तिला शुभकार्यातून मागं उभं करायचं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्याला ठरावाची वाट बघायची गरज नाही. आपापल्या घरात आपण ठरवू शकतो. पोळ्याच्या दिवशी काकू दाराच्या आत का उभ्या होत्या, याचा विचार प्रत्येकीनं करावा.

*तारखा शरीराला पाठ असतात*

काकू नागपूरला होत्या तो दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे आपल्या गोटमारचा. पांढुर्णा एका काठाला, सावरगाव दुसऱ्या काठाला, मध्ये जाम नदीत पळसाचा झेंडा. दोन जिवांच्या मरणाची आख्यायिका त्यामागं सांगतात. पण आख्यायिका सोडा, आजवर या दिवशी आपल्याच गावातल्या किती घरांनी मुलं गमावली आहेत. त्या घरांत दरवर्षी पोळा जवळ आला की काय होत असेल? आईची झोप उडते, छाती धडधडते, जेवण जात नाही, आणि "का ते समजत नाही," असं ती म्हणते. पहिला सण, वाढदिवस, वर्षश्राद्ध, गेलेल्याचा आवडता हंगाम. मन विसरलं तरी शरीर या तारखा विसरत नाही. त्या घरी त्या दिवशी कोणीतरी जायला हवं.

आणि दुःखात अपराधी भावना मिसळली तर ते दुप्पट जड होतं. २०२३ पर्यंत आपण छिंदवाडा जिल्ह्यातच होतो. त्याच जिल्ह्यात परासियाच्या भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खोकल्याच्या विषारी औषधानं कितीतरी लहान लेकरं गेली. त्या आयांनी लेकराला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या हातानं चमचा पाजला होता. दोष त्यांचा तिळाएवढाही नाही, पण रात्री त्यांच्या मनात काय चालत असेल? अशा आईला "देवाची इच्छा" म्हणणं सोपं आहे. "तुझा दोष नाही" हे शंभरदा म्हणत तिच्याजवळ बसणं अवघड आहे. पण तिला गरज दुसऱ्याची आहे.

*महाराजांपुढं*

हे सगळं आम्ही दर्शनाला गेलो तेव्हा महाराजांच्या कानावर घातलं. आमच्या तोंडून गेलेलं वाक्यही लपवलं नाही. महाराज बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं की काकू आता जेवतात का, आणि गोळी कोण देतं. आम्ही सांगितलं. तेव्हा त्यांनी समजावलं, त्याचा भाव असा: देह गुरूनं सांभाळायला दिलेली ठेव आहे. दुःखात ती ठेव धन्याला सांभाळता येत नाही, तेव्हा शेजाऱ्यानं सांभाळायची. आजारी माणसानं आणि शोकातल्या माणसानं उपवास सोडला तर व्रत मोडत नाही, नाम घेतलं की पुरे. आणि औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

*आम्ही ठरवलेले नियम*

आम्हा सेवेकरी भगिनींनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. सौंसरच्या आणि बाकी गावांच्या परिवारांनीही जमेल तशा कराव्यात.

१. तेरवीनंतर सेवा थांबवायची नाही. एका घरामागं दोन भगिनी किंवा बंधू नेमायचे. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी जाणं, नंतर पहिला पोळा, पहिली दिवाळी आणि वर्षश्राद्ध यांना नक्की जाणं.

२. गेल्यावर पहिला प्रश्न, "जेवलात का?" दुसरा, "झोप लागते का?" तिसरा, "बीपी-शुगरची गोळी चालू आहे ना?" पाकीट हातात घेऊन बघायचं. लाजायचं नाही.

३. "रडू नका", "धीर धरा", "त्यांचं सोनं झालं" ही वाक्यं बंद. बोलायला काही सुचत नसेल तर गप्प बसावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, त्याची एखादी आठवण सांगावी. नाव घेतल्यानं दुःख वाढत नाही. ते आधीच तिथं असतं.

४. शोकातल्या घरात नवीन उपवास कोणी धरत असेल तर प्रेमानं अडवावं. उपवासाऐवजी एक माळ जप सुचवावा.

५. पुरुषांना विसरू नये. बाप रडत नाही म्हणून त्याला दुःख नाही असं नसतं. तो एकटाच शेतात जाऊन बसतो, बिडी वाढते, कधी दारू लागते. गुरुबंधूंनी त्याच्या सोबत शेतापर्यंत चालत जावं, तीच सेवा.

६. छातीत कळ, घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, चक्कर यातलं काही झालं तर पित्त समजून थांबायचं नाही. लगेच १०८ ला फोन लावायचा, दवाखाना गाठायचा. अंगारा लावायचा तर गाडीत लावा.

७. सहा महिने उलटूनही माणूस उठतच नसेल, रोजचं कामही होत नसेल, तर तो दुबळेपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही अशा लांबलेल्या शोकाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. त्यावर उपचार आहेत. मनाच्या आधारासाठी सरकारचा टेलिमानस हा मोफत फोन आहे, क्रमांक १४४१६. "जगून काय करू" असं कोणी एकदा जरी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी हा फोन लावून द्या.

*खांदशेकणी*

शेवटी एकच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदशेकणी करतो. वर्षभर जू वाहून त्यांचे खांदे सुजलेले असतात, म्हणून त्यांना तूप-हळद लावून चोळतो, शेकतो, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतो. आधी खांदा, मग आवतन. मुक्या जनावराच्या बाबतीत आपल्याला हा क्रम बरोबर कळतो.

दोघांनी मिळून ओढलेली गाडी एकाच्या खांद्यावर येते, तेव्हा त्या माणसाचाही खांदा सुजतो. तो दिसत नाही एवढंच. आम्ही काकूंना सत्संगाचं आवतन रोज दिलं, पण त्यांचा खांदा कधी शेकला नाही.

आता काकू बऱ्या आहेत. त्यांची सकाळची गोळी शेजारची नातीच्या वयाची मुलगी शाळेत जाताना हातावर ठेवून जाते, आणि ती गिळल्याशिवाय दारातून हलत नाही. गुरुवारी त्या साबुदाण्याऐवजी भाकर खाऊन येतात. मागच्या गुरुवारी भजनात यजमानांच्या आवडीचा अभंग लागला आणि काकू हुंदके देऊन रडल्या. कोणी त्यांना गप्प केलं नाही. भजन चालू राहिलं, शेजारी बसलेली त्यांची पाठ चोळत राहिली. आरती झाल्यावर डोळे पुसून त्याच म्हणाल्या, "आता बरं वाटलं. चहा टाका वं."

आज हे वाचून झाल्यावर प्रत्येकानं मनातल्या मनात एक घर आठवावं. गेल्या वर्षभरात जिथं माणूस गेलं, आणि जिथं तेरवीनंतर आपण गेलो नाही. या रविवारपर्यंत तिथं जाऊन यावं. जाताना हार-प्रसाद नसला तरी चालेल. ताजी भाकर आणि पाच मिनिटांऐवजी एक तास घेऊन जावं.

हे सद्गुरुराया, ज्यांची माणसं तू जवळ बोलावली त्यांच्या देहाला बळ दे, रात्रीला झोप दे, घासाला चव दे. आणि आम्हाला बोलण्याआधी ऐकायची बुद्धी दे.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏